गोळी फेकायला सांगणारं एपिजेनेटिक्स

जनुकं म्हणजे नशीब नव्हे. आहार बदला, विचार बदला, जनुकांची बटणं आपोआप चालू-बंद होतील. मग आमवाताच्या त्या मेथोट्रेक्सेटच्या विषारी गोळ्या कशाला आणि ती हजारोंची बायोलॉजिक इंजेक्शनं तरी कशाला? हा उपदेश गेल्या काही वर्षांत आपल्याकडे, रावेर-यावलपासून धुळ्यापर्यंत, चांगलाच रुळला आहे. निसर्गोपचाराच्या शिबिरात तो ऐकू येतो, गर्भसंस्काराच्या वर्गात ऐकू येतो, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तर रोजच. पूर्वी असले उपदेशक विज्ञानाला शिव्या घालत. आता त्यांनी विज्ञानातलंच एक नाव उचललं आहे, एपिजेनेटिक्स, आणि त्याच्या आडून सांगणं तेच जुनं चालू आहे. शिव्या देणारा परवडला. तो निदान उघड तरी होता.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण तिचा पाया खोटा नाही. आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो निव्वळ जनुकांचा खेळ असता तर हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला झाला की दुसऱ्यालाही झालाच असता. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं शंभरातल्या साधारण पंधरा जोड्यांतच आढळलं. बाकीच्यांत जनुकं तीच, पण दुसरं भावंड ठणठणीत. म्हणजे जनुकांखेरीज काहीतरी आहे, हे कबूलच.

ते काहीतरी काय, ह्याचे काही धागे हाती लागले आहेत. डीएनएच्या साखळीवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात. कुठलं जनुक वाचलं जावं आणि कुठलं गप्प राहावं, हे बऱ्याच अंशी ह्या खुणांवर ठरतं. अक्षरं तीच राहतात, वाचन बदलतं. ह्याचाच अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जनुकावरची एक खूण इतकी ठळकपणे कमी होते की नुसत्या रक्तावरून माणूस धूम्रपान करतो की नाही ते ओळखता येतं, आणि ओढणं सोडल्यावर ती खूण हळूहळू, वर्षानुवर्षांनी, बरीचशी सावरते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जे गर्भ आईच्या पोटात उपाशी राहिले, त्यांच्या डीएनएवर साठ वर्षांनंतरही खुणांचा फरक दिसला. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून जवळपासच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. गरोदरपणात आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलाचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, असं त्यांना आढळलं. ते संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं.

हे सगळं खरं. आता उपदेशक उडी कुठे मारतात ते बघा. ‘खुणा बदलतात’ इथून ते थेट ‘मी सांगेन तशा बदलतील’ इथे येऊन उतरतात. मधली सगळी दरी प्रेक्षकांनी श्रद्धेनं भरून काढायची. ब्रूस लिप्टन ह्यांच्या २००५ सालच्या ‘द बायॉलॉजी ऑफ बिलीफ’ ह्या पुस्तकातून ही कल्पना जगभर गेली, आणि आपल्याकडे तिला अध्यात्माची फोडणी बसली. पण नेदरलँड्समधला तो फरक किती होता? काही टक्क्यांचा. तोही उपासमारीनं झालेला, भावनेनं नव्हे. आणि पुण्याच्या संशोधकांनी पुढे काय केलं? त्याच खेड्यांतली मुलं वयात आल्यावर त्यांना बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहिल्या, एका गटाला खऱ्या आणि एका गटाला खोट्या, आणि वर्षानुवर्षं मोजत राहिले. एपिजेनेटिक्स गंभीरपणे घेणारा माणूस असा वागतो. शिबिराच्या शेवटी तेल आणि चूर्ण विकायला बसणारा माणूस ते गंभीरपणे घेत नाही, वापरून घेतो.

आपल्या रावेर तालुक्यात तर हे समजायला प्रयोगशाळेची पायरी चढायची गरजच नाही. टिशू कल्चरची ग्रँड नैन केळी, आपण जिला जी-नाईन म्हणतो, ती एका निवडक झाडाच्या ऊतीपासून हजारोंनी वाढवतात. जनुकं सगळ्यांची एकच. तरी लावणीत मधूनच एखादं रोप बुटकं निघतं, पानं दाटीनं येतात, घड धड पडत नाही. कधी त्यामागे जनुकातच बदल झालेला असतो, कधी नुसत्या खुणा बिघडलेल्या असतात. ह्याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा तेलाच्या ताडात मिळाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ताडांना काही वेळा विद्रूप, तेल न देणारी फळं लागत. २०१५ साली मलेशियाच्या संशोधकांनी कारण दाखवलं: एका जनुकात घुसून बसलेल्या डीएनएच्या तुकड्यावरच्या मिथाइल खुणा गळून गेल्या होत्या. त्या तुकड्याचं नाव, गंमत म्हणजे, ‘कर्मा’. आता ती झाडं खतानं सुधारली का? नाही. उपाय एकच निघाला, रोप लहान असतानाच तपासायचं आणि बिघडलेलं लावायचंच नाही. आपला शेतकरीसुद्धा बुटकं रोप वेळेत उपटतो. सकारात्मक विचारांचं पाणी घालत बसत नाही.

माणसाचं रोप उपटता येत नाही, म्हणून तर वेळेला इतकी किंमत. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. आमवातात ते सुजतं, जाड होतं आणि शेजारच्या कूर्चेत, हाडात घुसू लागतं. त्या अस्तरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातून ह्या पेशी काढल्या, बाहेर वाढवल्या, आणि प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरांत निरोगी मानवी कूर्चेच्या तुकड्याबरोबर ठेवल्या. तिथे चिथावायला रोग्याच्या पांढऱ्या पेशी नाहीत, रोग्याचं रक्त नाही, रोग्याचं मन तर नाहीच. तरी त्या पेशी कूर्चा पोखरत आत शिरल्या. झिजेच्या संधिवातातल्या पेशींनी तसं केलं नाही. नंतरच्या काळात अमेरिकेतले गॅरी फायरस्टीन आणि इतरांनी ह्या पेशींच्या डीएनएवरच्या खुणा वाचल्या, तेव्हा त्या निरोगी किंवा झिजेच्या सांध्यांतल्या पेशींहून वेगळ्या निघाल्या. २०१६ साली तर असंही दिसलं, की एकाच आजारात गुडघ्यातल्या आणि खुब्यातल्या पेशींच्या खुणाही सारख्या नसतात.

ह्याचा सरळ अर्थ लावा. सूज पुरेसा काळ राहिली की सांधा ती सूज शिकतो, आणि मग वरून चिथावणी कमी झाली तरी पोखरणं चालू राहू शकतं. बहुसंख्य रुग्णांत हाडाला खड्डे पडायला पहिल्या दोन वर्षांतच सुरुवात होते. म्हणजे एपिजेनेटिक्स जर आमवाताच्या रुग्णाला काही सांगत असेल तर ते हे, की थांबू नकोस. उपदेशक त्याच विद्येच्या नावानं सांगतात: सहा महिने गोळ्या बंद ठेवून बघा. ह्याला गैरसमज म्हणायला मी तयार नाही. हा उलटा अर्थ आहे आणि त्याची किंमत सांगणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला पडते.

आणखी एक गोष्ट ही मंडळी कधीच सांगत नाहीत. ‘झोपलेली जनुकं जागी करा’ असा मंत्र ते देतात. जनुकं जागी केल्यानं काय होतं ते वैद्यकानं पाहिलेलं आहे. प्रोकेनामाइड हे हृदयाच्या ठोक्यांचं औषध आणि हायड्रॅलझिन हे रक्तदाबाचं. ह्या दोन्हींनी काही रुग्णांना ल्युपससारखा आजार होतो, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं. मिशिगनचे ब्रूस रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवलं की ही औषधं टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमधल्या मिथाइल खुणा कमी करतात. तशा पेशी उंदरांत सोडल्या तर उंदरांनाही ल्युपससारखा आजार होतो. म्हणजे खूण पुसली की आरोग्य येतं, असं समीकरण नाही. कुठल्या पेशीतली, कुठल्या जनुकावरची, केव्हा, ह्यावर सगळं अवलंबून. खुणा पुसणारी औषधंही बाजारात आहेत. ॲझासिटिडिन २००४ पासून रक्ताच्या एका गंभीर विकारात वापरतात. ते सगळीकडच्या खुणांवर चालतं, म्हणूनच आमवातावर ते कोणी देत नाही. आमवातासाठी मंजूर झालेलं एकही एपिजेनेटिक औषध आज नाही. प्रयोगशाळांना अजून न जमलेली गोष्ट तीन दिवसांच्या शिबिरात जमते, असा ह्यांचा दावा आहे.

आता त्या ‘विषारी’ गोळीकडे येऊ. मेथोट्रेक्सेट ही परदेशी कंपन्यांची कारस्थानी पैदास असल्याचं मोठ्या त्वेषानं सांगितलं जातं. तिचा वंश भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्यापर्यंत जातो. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली फोलिक ॲसिड तयार झालं आणि त्याच्या उलट काम करणारी ॲमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेट ही औषधंही. १९५१ साली ॲमिनोप्टेरिन आमवातात आणि सोरायसिसमध्ये वापरून पाहिलं गेलं, १९८५ साली कमी मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटची तुलना नुसत्या खोट्या गोळीशी करून झाली, आणि तेव्हापासून आमवाताच्या उपचाराचा कणा तीच आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. काही रुपयांना मिळते.

आणि गंमत अशी, की उपदेशकांना जे हवं आहे ते ही गोळी थोडंफार करते. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की आमवाताच्या रुग्णांत प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींमधल्या फॉक्सपी-३ ह्या जनुकाच्या आधीच्या भागावरच्या मिथाइल खुणा मेथोट्रेक्सेटनं कमी होतात आणि त्या पेशी पुन्हा आपलं काम करू लागतात. एपिजेनेटिक्सच्या नावानं जी गोळी फेकायला सांगतात, तिच्या पाठीशीच एपिजेनेटिक्सचा हा पुरावा आहे. हा एक अभ्यास आहे, त्यावर मी इमारत बांधणार नाही. पण व्यासपीठावरून ज्यांना एकही अभ्यास दाखवता येत नाही, त्यांच्यापेक्षा एक बराच.

गोळी निर्धोक आहे का? नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका झाल्या आहेत. सोबत फोलिक ॲसिड लागतं. यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी ठराविक काळानं करावीच लागते, दारू बंद ठेवावी लागते, आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना सांगून आधीच थांबवून दुसरी औषधं घ्यावी लागतात. गर्भसंस्काराच्या वर्गात ही शेवटची गोष्ट सांगितली तर वर्गाचा खरा उपयोग होईल.

बायोलॉजिकवरचा राग मला थोडा समजतो, पण त्याचं कारण उपदेशक सांगतात ते नाही. ही इंजेक्शनं म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली प्रथिनं. टीएनएफ नावाचा सुजेचा एक निरोप्या असतो, त्याला ती वाटेतच पकडतात. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी ह्यांनी १९९२ साली आमवाताच्या रुग्णांवर हा उपाय पहिल्यांदा करून पाहिला. रुग्णांना ठळक गुण आला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ह्यांतलंच एक, ॲडालिमुमॅब, आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. ‘नुसता धंदा’ म्हणून हे झटकून टाकता येत नाही.

धोका मात्र खरा आहे, आणि तो खास आपला आहे. क्षयाच्या जंतूला शरीर एका गाठीत कोंडून ठेवतं. ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. तोच अडवला की कोंडलेला क्षय बाहेर पडतो. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब ह्या टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. तेही प्रामुख्यानं जिथे क्षय कमी, अशा देशांतले रुग्ण. आपल्याकडे छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय पहिलं इंजेक्शन टोचणं हा निष्काळजीपणा आहे. रुग्णाला अंगात ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं ही लक्षणं आधीच सांगून ठेवायला हवीत. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

इथे मला दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. शहरातल्या काही दवाखान्यांत आता साध्या औषधांना जुनाट समजण्याची चाल पडली आहे. मेथोट्रेक्सेटनं भागलं नाही की पुढची पायरी थेट इंजेक्शनाची. अमेरिकेत २०१३ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेले ३५३ रुग्ण. निम्म्यांना सोबत सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ह्या जुन्या गोळ्या, निम्म्यांना सोबत इटानरसेप्ट ह्या बायोलॉजिकची इंजेक्शनं. चोवीस आठवड्यांत ज्यांना गुण आला नाही त्यांची बाजू बदलली. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर स्वस्त त्रिकूट महागड्या इंजेक्शनापेक्षा मागे पडलेलं नव्हतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन म्हणजे करोनात ज्याच्यासाठी मेडिकलसमोर रांगा लागल्या आणि आमवाताच्या बायांना मिळेनासं झालं, तीच गोळी. इंजेक्शनंही स्वस्त झाली, हे खरं. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं ॲडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली आवृत्ती, बाजारात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे एक पंचमांशात. अमेरिकेला असं बायोसिमिलर दुकानात बघायला २०२३ उजाडावं लागलं. आपण ह्यात पुढे होतो. पण दर पंधरा दिवसांनी लागणारं इंजेक्शन एक पंचमांशातसुद्धा घड वाहून पोट भरणाऱ्या घराला परवडत नाही. दोन-तीन घेऊन बंद पडलेलं बायोलॉजिक हा त्या घराचा सगळ्यात महाग उपचार ठरतो, आणि मग ते घर आपसूक शिबिराकडे वळतं. उपदेशकांची गिऱ्हाइकं अशी तयार होतात.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. उलट ज्या आयुर्वेदानं परीक्षा दिली त्याचं नाव ही मंडळी घेत नाहीत, हाच माझा आक्षेप. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद असलेलं औषध खोट्या गोळीशी तोलून पाहिलं. २००० साली निकाल छापला, आणि फरक बहुतेक बाबतींत सिद्ध झाला नाही, हे लपवलं नाही. २०१२ साली त्यांच्याच गटानं दुसऱ्या एका प्रमाणित औषधाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी तुलना केली, तेव्हा दोन्ही साधारण सारखी ठरली. कोइमतूरला ४३ रुग्णांवर आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट समोरासमोर ठेवून २०११ साली छापलेला छोटा प्रयोगही आयुर्वेदाच्या अगदी विरुद्ध गेला नाही. मोठा व्हायला हवा, झाला तर मी पहिला वाचेन. पण ह्यांतल्या कुणीही मूठभर रुग्णांना व्यासपीठावर उभं करून ‘बरा झाला’ म्हणत टाळ्या घेतल्या नाहीत. त्यांनी सांधे मोजले.

चोप्रांच्याच गटानं १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण हजारी पाचाच्या आसपास निघालं. तेच प्रमाण आपल्या तीन लाखांच्या रावेर तालुक्याला लावलं तर आकडा हजाराच्या घरात जातो. ह्यांत बाया जास्त. केळीच्या बागेत पिलं काढणाऱ्या, फण्या धुणाऱ्या, विळा धरणाऱ्या बाया. बोटांची मधली पेरं आणि मुळं सुजतात, शेवटची पेरं बहुधा वाचतात. सकाळी मूठ वळत नाही. पीठ मळायला घेतलं की मनगट कळवळतं, आणि कळण्याची भाकरी थापायला हात मोकळा व्हायला तास-दीड तास जातो. काही वर्षांनी बोटं करंगळीच्या बाजूला झुकतात. ती पुन्हा सरळ होत नाहीत, कोणत्याही खुणा बदलल्या तरी. मधल्या काळात कोणाकडची तरी पुडी चालू असते आणि तिनं दोन दिवसांत गुण येतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याचे प्रकार देशात पुन्हा पुन्हा उघड झाले आहेत. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून सगळं खपून जातं.

उपदेशकांचं एक मला मान्य आहे: तंबाखूचा धूर सोडा. धूम्रपानानं आमवाताचा धोका वाढतो, विशेषतः काही जनुकं असलेल्यांत, आणि असलेला आजार औषधाला कमी दाद देतो. हे एपिजेनेटिक्स सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. पण त्याच श्वासात ‘गोळी बंद करा’ म्हणू नका.

आता मागण्या. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातला एक दिवस सांध्यांच्या सुजेसाठी राखून ठेवावा. रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात मेथोट्रेक्सेट, फोलिक ॲसिड, सल्फासॅलझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रक्त-यकृताची तपासणी ही पाच नावं कायम उपलब्ध असावीत; ह्यांतलं काहीही महाग नाही. सरकारी विमा योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत, जन्मभर घरी घ्यायच्या गोळीभोवती नाहीत, आणि हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. शिबिरं भरवणाऱ्यांनी निमंत्रण देताना वक्त्याला एकच प्रश्न विचारावा: तुमचं ऐकून कुणी औषध बंद केलं आणि त्याची बोटं वाकडी झाली, तर तुम्ही लेखी जबाबदारी घ्याल का?

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि ह्याला सहा आठवडे होऊन गेले असतील, तर पुढच्या व्याख्यानाची वाट पाहू नका. डॉक्टरकडे जा, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ह्या रक्तचाचण्या करून घ्या, आणि गोळी चालू असेल तर ती चालू ठेवा.